की कॉकर बेटावर पाठीला सॅक, डोळ्याला मास्क: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ह्यूस्टनला राहत असताना आम्ही दोघं की कॉकरला दोनदा गेलो, मिळून 19 दिवस. तेव्हापासून नात्यातले, ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे विचारत असतात. सगळ्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतेय. माझं आजोळ मालवणजवळच्या देवबागचं. मास्क लावून पाण्यात पहिल्यांदा तोंड घातलं तेही मालवणातच, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ. त्यामुळे कॉकरबद्दल बोलताना मधूनमधून मालवण येणारच.

हे बेट नेमकं आहे कुठे?

मध्य अमेरिकेत बेलीझ नावाचा छोटा देश आहे. उत्तरेला मेक्सिको, पश्चिमेला आणि दक्षिणेला ग्वाटेमाला, पूर्वेला कॅरिबियन समुद्र. पूर्वीचं नाव ब्रिटिश होंडुरास, स्वातंत्र्य 21 सप्टेंबर 1981 ला मिळालं. राज्यकारभाराची भाषा इंग्रजी असल्याने आपल्याला बोलायची अडचण येत नाही. घराघरात मात्र क्रिओल आणि स्पॅनिश चालते.

‘की’ म्हणजे वाळूचं, प्रवाळाचं सखल बेट. कॉकर साधारण आठ किलोमीटर लांब आणि जेमतेम दीड किलोमीटर रुंद आहे. गाव दक्षिणेकडच्या भागात वसलंय. एकोणिसाव्या शतकात मेक्सिकोतल्या युकातानमधल्या युद्धातून पळून आलेल्या मेस्तिसो, म्हणजे स्पॅनिश आणि मूळ रहिवासी अशा मिश्र वंशाच्या, कुटुंबांनी ते वसवलं. पुढे शेवंडाच्या (लॉबस्टरच्या) मासेमारीवर गाव उभं राहिलं, आणि आता पाहुण्यांवर चालतं.

गावातल्या ‘गो स्लो’ या पाटीचा अर्थ काय?

अर्थ सरळ आहे, सावकाश चला. गावात मोटारी जवळपास नाहीतच. गोल्फ कार्ट, सायकली आणि पायी माणसं, बस्स. मुख्य रस्ते तीन, त्यांना सगळे फ्रंट, मिडल आणि बॅक स्ट्रीट म्हणतात. बराचसा भाग वाळूचाच, म्हणून चपलासुद्धा पिशवीत जातात.

पण हे फक्त चालण्यापुरतं नाही. जेवण सांगितल्यावर यायला पाऊण तास लागू शकतो. दुकानाची वेळ नऊ लिहिलेली असली तरी दार उघडेल तेव्हा उघडेल. पहिल्या दिवशी माझ्या नवऱ्याने घड्याळ काढून सॅकमध्ये टाकलं ते ह्यूस्टनच्या विमानतळावरच बाहेर आलं. चार बेटं तीन दिवसांत ‘उरकायची’ असतील तर कॉकरला जाऊ नका. किमान पाच रात्री हाताशी ठेवा.

व्हिसा लागतो का? पोहोचायचं कसं?

भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो. अमेरिकेचं ग्रीन कार्ड किंवा चालू असलेला मल्टिपल एंट्री व्हिसा असेल तर मात्र बेलीझचा वेगळा व्हिसा लागत नाही. नियम बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी बेलीझच्या इमिग्रेशन खात्याची सध्याची माहिती वाचाच. भारतातून जाणाऱ्यांनी मधल्या थांब्याचाही विचार करावा, अमेरिकेत नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो.

विमान बेलीझ सिटीला उतरतं. तिथून टॅक्सीने बोटीच्या धक्क्यावर जायचं आणि वॉटर टॅक्सीने साधारण 45 मिनिटांत बेटावर. अधिकृत टॅक्सीची नंबरप्लेट हिरवी असते, तेवढी बघून बसा. शेवटची बोट संध्याकाळी लवकर सुटते, म्हणून दुपारनंतर उतरणारं विमान घेऊ नका. आमचं विमान पहिल्या खेपेला उशिरा पोहोचलं, बोट चुकली आणि रात्र शहरात काढावी लागली. वॉटर टॅक्सीत सॅक मागे ढिगात टाकतात. पासपोर्ट, पैसे आणि फोन मांडीवरच्या पिशवीत ठेवा, पाणी उडतं म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळून.

पाठपिशवीवाले बरेच जण ग्वाटेमालातल्या फ्लोरेसहून किंवा मेक्सिकोतल्या चेतुमालहून बसने येतात. जमिनीच्या सीमेवरून बेलीझ सोडताना शुल्क भरावं लागतं, तेवढी रोकड जवळ असू द्या.

दिवाळीच्या सुट्टीत जावं की मे महिन्यात?

मे महिन्यात. दिवाळीच्या सुमाराला तिकडे पाऊस असतो आणि चक्रीवादळांचा मोसमही संपलेला नसतो. तो 1 जून ते 30 नोव्हेंबर असतो. 31 ऑक्टोबर 1961 ला आलेल्या ‘हॅटी’ वादळाने बेलीझ सिटीची इतकी दैना केली की देशाने राजधानीच आत बेल्मोपानला हलवली.

सगळ्यात चांगला काळ फेब्रुवारी ते एप्रिल. मे महिन्यात उकाडा असतो, पण पाणी छान असतं. नाताळात गर्दी आणि भाडी दोन्ही चढतात. शिवाय डिसेंबर-जानेवारीत उत्तरेचा वारा सुटला की दोन-दोन दिवस बोटी निघत नाहीत आणि पाणी गढूळ होतं. उन्हाळ्यात किनाऱ्यावर सार्गासम नावाच्या तपकिरी शेवाळाचे ढीग येऊन पडतात. कुजले की सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. बोटीने समुद्रातल्या प्रवाळाच्या भिंतीकडे गेलात तर त्याचा त्रास फारसा होत नाही.

मला पोहता येत नाही. स्नॉर्केलिंग जमेल?

जमेल, पण गडबड केली नाही तरच. स्नॉर्केलिंग म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून, तोंड पाण्यात घालून खालचं बघणं. त्यात पोहण्यापेक्षा तरंगणं जास्त असतं. लाइफ जॅकेट घाला आणि गाईडला बोटीत बसतानाच स्पष्ट सांगा, ‘मला पोहता येत नाही.’ लाजू नका. गाईड रिंग बरोबर घेतात, तुम्ही ती धरायची आणि ते ओढत नेतात. देवबागला माझी मावशी, वय 61, अशीच रिंग धरून पाण्यात गेली होती आणि वर आल्यावर पंधरा मिनिटं फक्त निळ्या माशाबद्दल बोलत होती.

खरी अडचण पोहण्याची नसते, श्वासाची असते. आपल्याला नाकाने श्वास घ्यायची सवय. मास्कमध्ये नाक बंद असतं, आणि तोंडाने घेतलेला पहिला श्वास पाण्याखाली घ्यायचा म्हटल्यावर छाती नकार देते. तो नकार शरीराचा आहे, तुमचा भित्रेपणा नाही. म्हणून आधी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून तोंड खाली घाला, नळीतून दहा श्वास मोजा, वर या. पुन्हा दहा. तिसऱ्या-चौथ्या खेपेला छाती ऐकते. नळीत पाणी शिरलं तर घाबरून डोकं वर काढायचं नाही, जोरात ‘फू’ करायचं, पाणी वरून उडून जातं.

मास्क बरोबर बसतोय का हे कोरड्या जमिनीवरच बघा. पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने हवा आत ओढा. हात सोडल्यावर मास्क चिकटून राहिला तर तो तुमचा. केसांची एक बट आत अडकली तरी पाणी शिरतं. मिशीचंही तसंच. माझ्या नवऱ्याच्या मास्कमध्ये पहिल्या दिवशी दर दोन मिनिटांनी पाणी भरत होतं, गाईडने ओठावर बोट ठेवून कारण दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्याने मिशीची वरची कड, नाकाखालची अर्धा सेंटिमीटर, साफ केली आणि पाणी थांबलं. काच धुकट होऊ नये म्हणून आत थुंकी चोळून समुद्राच्या पाण्यात एकदा विसळायची. ऐकायला कसंसं वाटतं, पण यापेक्षा चांगला उपाय मला सापडला नाही.

पायातले फिन, म्हणजे पोहायचे रबरी पंख, सायकल मारल्यासारखे हलवू नका. पाय सरळ, हालचाल मांडीपासून, सावकाश. शक्य असेल तर जाण्याआधी मालवणला दोन दिवस सराव करा. मालवणात पाणी नेहमी नितळ नसतं, त्यामुळे तिथे जमलं की कॉकरला सोपं जातं.

चष्मा आहे. मग काय?

नंबरचा मास्क मिळतो, तो आधी मागवून घ्या. बेटावर तुमच्या नंबरचा मिळेलच असं नाही. चष्म्यावर मास्क बसत नाही, कड उघडी राहते.

स्नॉर्केलिंग कुठे करायचं?

आधी एक गैरसमज काढते. कॉकरला गोव्यासारखी लांबच लांब पुळण नाही. किनाऱ्याला समुद्री गवत आहे, लाकडी धक्के आहेत. पोहायला सगळे गावाच्या उत्तर टोकाला ‘स्प्लिट’वर जातात. हॅटी वादळात बेट तिथे चिरलं गेलं आणि पुढे बोटींसाठी ती चीर माणसांनी खोल केली. त्या खाडीत ओढ जोराची असते आणि बोटीही जातात, म्हणून मधे जाऊ नका. कडेच्या भिंतीजवळ मास्क लावून बघा, खांबांच्या सावलीत माशांचे थवे उभे असतात. सरावाला जागा उत्तम.

खरा खजिना पूर्वेला आहे. फ्रंट स्ट्रीटवरून बघितलं की साधारण दीड किलोमीटरवर पांढऱ्या फेसाची सरळ रेघ दिसते. तिथे लाटा प्रवाळाच्या भिंतीवर फुटतात. ही बेलीझची प्रवाळभिंत, सुमारे 300 किलोमीटर लांब. मेक्सिकोपासून होंडुरासपर्यंत जाणाऱ्या रांगेचा हा एक तुकडा, आणि ती रांग जगात दुसऱ्या क्रमांकाची. भिंतीमुळे आतलं पाणी तळ्यासारखं शांत राहतं. कोकणात मोठं झालेल्याला आणखी एक नवल वाटतं, भरती-ओहोटीचा फरक जेमतेम वीतभर. देवबागला ओहोटीला होड्या वाळूवर बसतात, कॉकरला धक्क्याच्या खांबावर ओली रेघ जराशी वरखाली होते, इतकंच.

अर्ध्या दिवसाची फेरी गावासमोरच्या की कॉकर सागरी राखीव क्षेत्रात जाते. पहिल्या वेळेला हीच घ्या. पूर्ण दिवसाची फेरी होल चानला जाते. माया भाषेत होल चान म्हणजे ‘छोटी वाट’. प्रवाळभिंतीत तिथे नैसर्गिक खिंड आहे, साधारण नऊ मीटर खोल, आणि त्या खिंडीतून समुद्र आत-बाहेर श्वास घेतो. मासेमारी बंद असल्यामुळे मासे मोठे आहेत आणि माणसाला बुजत नाहीत. गाईडशिवाय प्रवेश नाही, आणि ते योग्यच आहे, कारण खिंडीतली ओढ फसवी असते. काही शिडाच्या बोटी संध्याकाळी परततात. इंजिन बंद, शीड फुगलेलं, अंगावर मीठ सुकतंय… थोडे जास्त पैसे गेले तरी एकदा शिडाचीच घ्या.

तिथे शार्क असतात म्हणे?

असतात, आणि तेच बघायला लोक जातात. होल चानजवळ ‘शार्क रे ॲली’ नावाची उथळ जागा आहे. पूर्वी कोळी तिथे मासे साफ करून आतडी पाण्यात टाकायचे. इंजिनचा आवाज म्हणजे जेवण, हे तिथल्या नर्स शार्कना आणि पाकटांना (स्टिंगरे माशांना) कळलं. आजही बोट थांबली की ते खालून येतात. नर्स शार्क तळाशी राहणारा, बहुतेक रात्री खाणारा मासा आहे. तीन मीटरपर्यंत वाढतो, पण माणसाच्या वाटेला आपण होऊन जात नाही. पाण्यात उतरल्यावर माझ्या पोटाखालून एक गेला, तपकिरी, गोणपाटाच्या रंगाचा, शेपटी अगदी सावकाश हलवत. भीती पहिला अर्धा मिनिट होती.

हात लावू नका. कोणी गाईड धरून दाखवायला लागला तर ‘नको’ म्हणा. आणि वाळूत चालताना पाय घासत चाला. पाकट वाळूत पुरून बसतं, पाय घासल्याचं कळलं की आपणच निघून जातं. वरून पाय पडला तर शेपटीचा काटा मारतं. देवबागच्या कुठल्याही कोळणीला विचारा, ती हेच सांगेल.

प्रवाळावर जरा टेकलं तर एवढं काय बिघडतं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त टोचतो, कारण मी स्वतः टेकले होते. दुसऱ्याच दिवशी मास्क सारखा करायला उभी राहिले आणि फिनचं टोक एका गोल, मेंदूसारख्या वळ्यावळ्यांच्या प्रवाळावर दाबलं गेलं. गाईड आला, काही न बोलता माझा हात धरला आणि वाळूच्या मोकळ्या जागेवर घेऊन गेला. बोटीत बसल्यावर एवढंच म्हणाला की तो गोळा त्याच्या आजोबांपेक्षा म्हातारा आहे.

प्रवाळ दगड दिसतं, पण त्याच्या वरचा पातळ थर जिवंत प्राण्यांचा असतो. मेंदूसारखं प्रवाळ वर्षाला काही मिलिमीटरच वाढतं. फिनने, बोटाने तो थर खरवडला गेला की त्या जखमेवर शेवाळ बसतं. एक माणूस एकदा टेकला तर भिंत कोसळत नाही, पण रोज किती बोटी येतात ते धक्क्यावर उभं राहून मोजा. समुद्राचं तापमान वाढल्याने प्रवाळ पांढरं पडतंय, 2019 पासून बेलीझमध्ये प्रवाळाचा एक घातक रोगही पसरलाय. त्यात आपल्या पायांची भर नको.

आणि हे सगळं टिकवायला तिथली माणसं खरंच झटली आहेत. ही भिंत 1996 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली. 2009 मध्ये ती धोक्यातल्या वारशांच्या यादीत टाकावी लागली, कारण तिवरांची तोड आणि किनाऱ्यावरची बांधकामं. समुद्रात तेलासाठी खोदायचं की नाही यावर संस्थांनी 2012 मध्ये लोकांचं मतदान घेतलं. लोकांनी ‘नाही’ म्हटलं. 2017 च्या अखेरीला सरकारने समुद्रातल्या तेलउत्खननाला कायद्याने स्थगिती दिली आणि 2018 मध्ये भिंत त्या यादीतून बाहेर आली. पोपटमासे पकडायला 2009 पासून बंदी आहे, कारण प्रवाळावरचं शेवाळ तेच खातात. पाण्याखाली शांत राहिलात तर त्यांच्या चोचीचा ‘करकर’ आवाज ऐकू येतो. खाल्लेला प्रवाळाचा चुरा त्यांच्या पोटातून वाळू होऊन बाहेर पडतो. पायाखालच्या पांढऱ्या वाळूत तीही असते.

होल चान राखीव झालं 1987 मध्ये. आपलं मालवणचं सागरी अभयारण्यही 1987 चंच. मालवणात कोळ्यांच्या मनात त्याबद्दल पहिल्यापासून राग राहिला, पोटावर पाय येईल ही भीती खरी होती. कॉकरला आमचा गाईड शेवंड पकडणाऱ्या घरातला होता. त्याच्या हिशेबात जिवंत शार्क रोज पैसे देतो. मालवणची पोरं आता स्नॉर्केलिंगचे गाईड झालीत, तिकडेही हा हिशेब जुळावा असं मला मनापासून वाटतं.

ग्रेट ब्लू होल बघायचं का?

स्नॉर्केलिंगसाठी म्हणाल तर नाही. समुद्रातलं हे गोल विवर सुमारे 300 मीटर रुंद आणि 125 मीटर खोल आहे. हिमयुगात कोरडी असलेली चुनखडीची गुहा छत कोसळून आणि समुद्र वर चढून बुडाली. पाण्यावरून तुम्हाला फक्त कडेचं प्रवाळ दिसतं आणि मधे गडद निळा. बोटीने जाऊन-येऊन अख्खा दिवस आणि भरपूर पैसे जातात. गोल आकार बघायचा असेल तर बेटावरून छोटं विमान वरून फिरवून आणतं. आम्ही दोन्ही टाळलं आणि त्या पैशांत होल चानला आणखी एकदा गेलो.

शाकाहारी माणसाचं कसं होतं?

होतं, पण विचारून खावं लागतं. नारळाच्या दुधात शिजवलेला घेवड्याचा भात, ‘राइस अँड बीन्स’, हे रोजचं जेवण. दिसायला शाकाहारी असलं तरी घेवड्यात डुकराचं मांस किंवा चरबी असू शकते. ‘मांस नको’ म्हणून पुरत नाही, ‘बीन्समध्ये डुक्कर आहे का?’ असं थेट विचारा. सकाळी ‘फ्राय जॅक’ खा. मैद्याची तळलेली पुरी, आपल्या भटुऱ्याची सख्खी बहीण. आत बीन्स, चीज, अंडं भरून देतात. तळलेली पिकी केळी, टॉर्टिया, फळं मुबलक. तिखट हवं असेल तर टेबलावर मेरी शार्प्सची बाटली असतेच, गाजर आणि हबानेरो मिरचीची. चार थेंब पुरे.

बेलीझच्या दक्षिणेला एकोणिसाव्या शतकात मजुरीला आणलेल्या भारतीयांचे वंशज राहतात. त्यांच्या रश्श्याला ‘ताकारी’ म्हणतात. आपली तरकारीच ती.

शेवंड कधी मिळते?

1 जुलै ते फेब्रुवारीअखेर. मार्च ते जून पकडायला बंदी असते, आपल्याकडे जून-जुलैत मासेमारी बंद असते तशी. बंदीच्या काळात कोणी ताजी म्हणून देऊ केली तर घेऊ नका. जुलैच्या सुरुवातीला गावात शेवंडाची जत्राच असते, रस्त्यावर शेगड्या मांडलेल्या असतात.

खर्च आणि पैसे?

दोन बेलीझ डॉलर म्हणजे एक अमेरिकन डॉलर, हा दर ठरलेला आहे. दोन्ही नोटा चालतात, म्हणून भाव ठरवताना ‘कुठला डॉलर?’ हे विचाराच, नाहीतर दुप्पट जातात. ग्वाटेमालाच्या मानाने बेलीझ महाग आहे. वसतिगृहातला पलंग, फ्राय जॅकचा नाश्ता आणि स्वतः रांधलेलं एक जेवण धरलं तर निभतं. पैसा स्नॉर्केलिंगवर खर्च करा, खोलीवर नको. नळाचं पाणी पिऊ नका, बरोबर बाटली ठेवा आणि भरून घ्या.

एकटी मुलगी जाऊ शकते का?

कॉकरला जाऊ शकते, खूप जणी येतात. गाव लहान आहे, तिसऱ्या दिवशी लोक नावाने हाक मारतात. काळजी बेलीझ सिटीत घ्यायची, अंधारात तिथे पायी फिरू नका. बेटावरही रात्री उशिरा मागच्या अंधाऱ्या रस्त्यांना एकटीने जाऊ नका, अनोळखी माणसाने दिलेलं पेय घेऊ नका. पाण्यात काय घालायचं हेही बऱ्याच जणी विचारतात. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट आणि लेगिंग्ज. कोणी वळून बघत नाही, आणि त्वचा वाचते.

ऊन आणि डास?

तरंगताना पाठ, पोटऱ्या आणि गुडघ्यामागची खोबण सतत उन्हात असते, आणि पाणी गार असल्यामुळे भाजलेलं कळत नाही. माझा नवरा पहिल्या फेरीनंतर दोन रात्री पालथा झोपला. सनस्क्रीन प्रवाळाला अपाय न करणारं, झिंक ऑक्साइडचं घ्या, पण खरा भरवसा कपड्यावर. संध्याकाळी वारा पडला की वाळूतली चिलटं घोट्याला चावतात. आम्ही घोट्यांना खोबरेल चोळायचो. डेंग्यू तिथेही असतो, त्यामुळे मच्छरदाणी असलेली खोली बघा.

मोहरीच्या रंगाचं, फांद्यांचं ‘फायर कोरल’ लागलं तर चरचरतं. जागा समुद्राच्याच पाण्याने धुवा, व्हिनेगर लावा, चोळू नका.

सामानात काय न्यावं?

स्वतःचा मास्क आणि नळी. फिन भाड्याने मिळतात. प्लगच्या चपट्या पिना आणि 110 व्होल्ट वीज, म्हणून ॲडॉप्टर. पाण्यात न भिजणारी पिशवी. बाकी जितकं कमी तितकं बरं.

शेवटच्या दिवशी सकाळी स्नॉर्केलिंग करून विमान पकडता येतं का?

येतं. विमानाआधी थांबायची अट स्कूबा डायव्हिंगला असते, साधारण 18 ते 24 तासांची. स्नॉर्केलिंगला ती नाही. आम्ही शेवटच्या सकाळी सहाला स्प्लिटवर गेलो, तेव्हा बोटी सुरू झालेल्या नव्हत्या आणि खांबाखाली एक लांब तोंडाचा चंदेरी मासा न हलता उभा होता. ओले कपडे दोन प्लास्टिक पिशव्यांत घट्ट बांधून सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा. मास्क आधी गोड्या पाण्यात धुऊन घ्या, नाहीतर घरी पोहोचेपर्यंत पट्ट्यावर मीठ धरतं.